घराचे कुंपण आणि घराचा आडोसा

घर पुरे होत आले की सर्वांत शेवटी कुंपणाची आठवण होते. तोवर गाठीचा पैसा बहुतेक संपलेला असतो आणि घरातली मंडळी राहावयास येण्यासाठी उतावीळ झालेली असतात. मग गवंड्याला एवढेच सांगितले जाते की, चारी बाजूंनी एकसारखी भिंत घाल आणि पुढे फाटक बसव. पायाची खोली, खिडक्यांच्या दिशा, स्वयंपाकघरातील ओट्याची उंची यांविषयी महिनोन् महिने खल करणारे कुटुंब कुंपणाचा निर्णय मात्र एका संध्याकाळी उरकून टाकते. पुढे त्या घाईची किंमत रोज मोजावी लागते. अंगणात बसावे तर रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस डोकावतो. मागील दारी धुणे धुवावे तर शेजारच्या माडीवरील खिडकी उघडी असते. ‘भिंत आणखी दोन फूट चढवा,’ असा सल्ला कोणीतरी देतो. भिंत चढते. वारा अडतो, अंगण तापू लागते, शेजाऱ्याशी बोलणे तुटते, आणि माडीवरील खिडकीतून दिसायचे ते दिसतच राहते!

याचे कारण असे की, कुंपण आणि आडोसा या दोन गोष्टी आपण एकच समजतो. कुंपण हद्द दाखवते. गुरांना, आगंतुकांना आणि चोरांना अडवते. आडोसा नजर अडवतो. कुंपण जमिनीच्या कडेने जाते. आडोसा मात्र माणूस जेथे बसतो, न्हातो, निजतो, तेथे लागतो. हद्दीवरची भिंत कधी आडोशाचे काम करते, कधी करीत नाही. हा भेद ध्यानात ठेवून आखणी केली, तर पुष्कळदा कमी उंचीत, कमी खर्चात आणि शेजाऱ्याचे मन न दुखवता घराला हवा तेवढा एकांत मिळू शकतो. तो कसा, हे येथे पाहावयाचे आहे.

जुन्या घरांची शिकवण

हा भेद आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. दख्खनमधील वाडा रस्त्याकडे जवळजवळ पाठच फिरवून उभा असे. बाहेरच्या बाजूस भक्कम भिंत, मोठ्या दरवाज्यात एक लहानशी दिंडी, आणि घराचा सारा जिव्हाळा आतल्या चौकात. केरळातील नालुकेट्टू घरात आणि अहमदाबादच्या पोळांतील घरांतही मधला चौकच उजेड, वारा आणि एकांत एकाच वेळी देतो. दाट वस्तीत घराने स्वतःलाच आडोसा करून घ्यावा, हे त्यामागचे तत्त्व होते.

जेथे जमीन मोकळी, घरे विरळ, तेथे पद्धत वेगळी. कोकणातील घराभोवती चिऱ्यांचा किंवा दगडांचा गडगा असतो, तो बहुधा कमरेएवढाच. पुढच्या खळ्यातील तुळशीवृंदावन वाटेवरून खुशाल दिसावे. पण न्हाणीच्या भोवती माडाच्या झापांचा किंवा कुडाचा दाट आडोसा हवाच. केरळातही विणलेल्या माडाच्या पानांची कुंपणे घरोघर असत. आसामात बांबूच्या कामट्यांचे विणकाम हेच कुंपण, तर राजस्थानच्या कोरड्या मुलखात बोरीच्या काटेरी फांद्यांचे. साहित्य वेगवेगळे, परंतु विचार एकच: हद्द ठेंगणी असली तरी चालेल, आडोसा मात्र नेमक्या जागी हवा.

एकांत हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, हे कायद्यानेही फार पूर्वी ओळखले आहे. सन १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील अठराव्या कलमात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे एक उदाहरण दिले आहे. एखाद्या नगरात तशी रूढी असेल, तर घराचा जो भाग एरवी कोणाच्या दृष्टीस पडत नाही, तो दिसेल अशी नवी खिडकी शेजाऱ्याने काढता कामा नये, असे ते उदाहरण सांगते. पुढे सन १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात स्त्रियांच्या वावराच्या जागेवर डोकावणाऱ्या बांधकामाविरुद्ध असा रूढीजन्य हक्क मान्य केला. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

कायद्याच्या या मोठ्या गोष्टींच्या मुळाशी एक अगदी साधी गरज आहे. ज्या घराला न्हाणीघर नाही, त्या घरातील स्त्रियांना आडोशाअभावी पहाटेच्या अंधारात स्नान उरकावे लागते. वयात आलेली मुलगी, आजारी आजी, पोराला पाजणारी आई या सर्वांना घरात मोकळेपणाने वावरता येणे हे आडोशावर अवलंबून असते. म्हणून कुंपणाचा विचार करताना घरातील स्त्रियांचे मत सर्वांआधी घ्यावे.

नजर मोजावी कशी?

किती उंच कुंपण हवे, हे अंदाजाने ठरवू नये. ते मोजता येते, आणि त्यासाठी एक लांब दोरी, एक बांबू आणि घरातील तीन माणसे एवढेच साहित्य पुरते.

रस्त्याने चालणाऱ्या मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, म्हणजे पाच फुटांवर असतात. अंगणात खुर्चीवर बसलेल्या माणसाचे मस्तक सुमारे १.३ मीटरवर येते. रस्ता आणि अंगण एका पातळीत असतील, तर मधली दीड मीटरची भिंत बसलेल्या माणसास पूर्णपणे झाकते. म्हणजे समोरच्या बाजूस पुरुषभर उंचीच्या भिंतीची गरज बहुधा नसतेच.

आता ओटीचे पाहा. ओटीचे जोते जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे, असे धरू. तेथे खुर्चीवर बसलेल्या माणसाचे मस्तक १.९ मीटरवर जाते आणि दीड मीटरच्या भिंतीवरून ते रस्त्यावर दिसते. तोच माणूस ओटीवर चटई टाकून खाली बसला, तर त्याचे मस्तक सुमारे १.४५ मीटरवर येते आणि तीच भिंत त्याला झाकते. बैठक थोडी खाली आणली की भिंत वर चढवावी लागत नाही. जमिनीच्या पातळीवर बांधलेला कट्टा, ठेंगणी बैठक, जरा खोलगट केलेला अंगणाचा कोपरा, यांनी जे साधते ते विटांच्या चार थरांनी साधत नाही.

खरा पेच पडतो तो माडीवरील खिडकीचा. समजा, शेजारच्या पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेचार मीटरवर आहेत, त्याची खिडकी आपल्या हद्दीपासून तीन मीटर दूर आहे आणि आपली खुर्ची हद्दीच्या आत तीन मीटरवर आहे. त्या खिडकीतून आपल्या मस्तकापर्यंत सरळ रेषा काढली, तर ती हद्दीवरून २.९ मीटर उंचीने जाते. तेवढी भिंत बांधणे बहुतेक ठिकाणी नियमात बसणार नाही आणि शोभणारही नाही. परंतु तीच रेषा खुर्चीपासून एक मीटरवर केवळ १.८३ मीटर उंचीवर असते. म्हणजे खुर्चीच्या जवळ सहा फुटांचा मांडव, जाळीवर चढवलेला वेल किंवा बांबूची ताटी उभी केली की काम झाले. नजर वरून येत असेल, तर आडोसा बसणाऱ्याच्या जितका जवळ, तितका तो कमी उंचीचा पुरतो, हा नियम मनात पक्का ठेवावा.

हे गणित करणे जिकिरीचे वाटत असेल, तर दोरीच ते करून देते. एकाने आपल्या नेहमीच्या जागी बसावे. दुसऱ्याने ज्या ठिकाणाहून नजर येते, तेथे डोळ्यांच्या उंचीवर दोरीचे एक टोक धरावे. दुसरे टोक बसणाऱ्याच्या मस्तकापाशी ताणावे. तिसऱ्याने बांबू घेऊन त्या दोरीखालून निरनिराळ्या जागी उभे राहावे आणि दोरी बांबूला जेथे टेकते तेथे खडूने खूण करावी. शेजारच्या माडीवरून दोरी धरण्यासाठी शेजाऱ्याचीच मदत मागावी. पुष्कळदा आपली खिडकी दुसऱ्याच्या अंगणात उघडते, याची शेजाऱ्याला त्या दिवशी प्रथम जाणीव होते आणि निम्मे काम तेथेच होते.

चार बाजू, चार विचार

एकदा नजरेच्या रेषा कळल्या की चारी बाजूंना एकच कुंपण का नको, हे आपोआप उमगते.

पुढची बाजू घराचा चेहरा असते. तेथे ठेंगणी भिंत आणि तिच्यावर किंवा तिच्यामागे झुडपांची दाट रांग पुरे होते. फाटकातून थेट घराचा मधला दरवाजा आणि त्यातून माजघर दिसत असेल, तर फाटक दरवाज्यासमोरून थोडे बाजूला सरकवावे किंवा वाटेला एक वळण द्यावे. समोरची बाजू अगदी बंद करण्यात आणखी एक तोटा आहे. उंच आणि भरीव भिंतीवरून एकदा आत उतरलेला चोर रस्त्यावरून कोणालाच दिसत नाही. शेजाऱ्यांची सहज जाणारी नजर ही एक प्रकारची राखणच असते. ती सगळी अडवणे शहाणपणाचे नव्हे.

बाजूंच्या हद्दी शेजाऱ्याशी सामाईक असतात. आपली आणि त्याची खिडकी समोरासमोर येत असेल तेथे तेवढ्याच लांबीचा आडोसा करावा. उरलेले कुंपण छातीएवढे राहू द्यावे. मागील बाजूस न्हाणी, धुण्याचा दगड, वाळवणाची दोरी आणि भांडी घासण्याची जागा असते. घरातील कष्टाचे आणि खासगी काम येथे चालते, म्हणून पूर्ण आडोसा येथेच हवा. आपल्याकडे मात्र नेमके उलट होते. समोर संगमरवरी फरशी लावलेली उंच भिंत असते आणि मागे तीन तारा ओढलेल्या असतात.

भाड्याच्या घरात किंवा मोठ्या इमारतीत राहणाऱ्या वाचकांनाही हाच विचार लागू पडतो. सज्जात बसण्याची जागा ठरवून तेवढ्याच भागाला बांबूचा चिकाचा पडदा लावावा किंवा कुंड्यांतून वेल चढवावे. कठड्याची संपूर्ण लांबी बंद करून स्वतःच्याच घराचा वारा अडवू नये.

वारा यावा, नजर येऊ नये

आपल्या उष्ण देशात भरीव भिंतीचा सर्वांत मोठा दोष हा की, ती नजरेबरोबर वाराही अडवते. शिवाय पश्चिमेचे ऊन खाऊन तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता फेकत राहते. भरीव भिंतीवरून जोराने आलेला वारा पलीकडे भोवरे करीत खाली कोसळतो, तर निम्मे पोकळ असलेले कुंपण वाऱ्याचा जोर मोडून त्याला मंद करून आत सोडते. म्हणून कुंपण भरीव असण्यापेक्षा सच्छिद्र असणे बरे.

यासाठी आपल्या देशाने शोधलेले उत्तम साधन म्हणजे जाळी. फतेहपूर सिक्री येथील शेख सलीम चिश्ती यांच्या समाधीभोवतालच्या संगमरवरी जाळ्या किंवा जयपूरच्या हवामहालाचे सन १७९९ मधील झरोके पुष्कळांनी पाहिले असतील. तेथे आत बसलेल्याला बाहेरचे सर्व दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. यात जादू काही नाही. बाहेर लख्ख उजेड आणि आत सावली असते. बाहेरून पाहणाऱ्याचे डोळे जाळीच्या उजळलेल्या पृष्ठभागावरच अडतात. मात्र रात्री आत दिवा लागला की हा न्याय उलटतो. आतले सर्व बाहेर दिसू लागते. म्हणून जाळीमागे संध्याकाळी पडदा ओढावा, अथवा दिव्याचा झोत जाळीकडे न ठेवता भिंतीकडे ठेवावा.

दगडी जाळी आज सर्वांना परवडणार नाही, विटांची परवडते. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी साध्या, गिलावा न केलेल्या विटांच्या जाळ्या बांधून स्वस्त घरांना वारा आणि एकांत दोन्ही मिळवून दिले. विटा सलग न रचता मध्ये मोकळी जागा सोडून रचल्या की जाळी होते, विटाही वाचतात. येथे भिंतीच्या जाडीचा उपयोग समजून घ्यावा. भिंत नऊ इंच जाड आणि भोक साडेचार इंच रुंद असेल, तर भिंतीपासून दहा पावलांवर उभा असलेला माणूस भोकाच्या सरळ रेषेपासून पाच पावलांहून अधिक बाजूला सरकताच त्याला त्यातून पलीकडचे काहीच दिसत नाही. म्हणजे चालत जाणाऱ्याला क्षणभर एखादे भोक आरपार दिसले तरी त्यातून चित्र तयार होत नाही. वारा मात्र अडत नाही.

लाकडी किंवा बांबूच्या कुंपणात हेच दुसऱ्या युक्तीने साधते. आडव्या दांड्यांच्या एका बाजूस एक पट्टी, दुसऱ्या बाजूस पुढची पट्टी, अशा आलटूनपालटून आणि कडा किंचित एकमेकींवर येतील अशा पट्ट्या ठोकाव्या. समोरून पाहता कुंपण बंद दिसते, पण पट्ट्यांमधून वारा वाहत राहतो. शिवाय दोन्ही घरांना कुंपणाची सारखीच चांगली बाजू मिळते. बांबूचे खांब थेट मातीत पुरल्यास वाळवी लागून लवकर कुजतात. ते दगडाच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यात बसवलेल्या लोखंडी पट्टीला बांधावे.

जिवंत कुंपण

सर्वांत स्वस्त, थंड आणि सुंदर कुंपण झाडांचे. ते किती बळकट होऊ शकते, याचा एक विलक्षण दाखला आपल्या इतिहासात आहे. मिठावरील कर चुकवून होणारी वाहतूक अडवण्यासाठी इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात उत्तर व मध्य भारतातून हजारो किलोमीटर लांबीची जकातीची सीमा आखली होती आणि तिच्या मोठ्या भागावर बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग इत्यादींचे काटेरी कुंपण वाढवले होते. त्याच्या राखणीस सुमारे बारा हजार माणसे होती. सन १८७९ मध्ये ती सीमा मोडीत निघाली आणि कुंपण नाहीसे झाले. त्या कुंपणाने लोकांचे मीठ महाग केले, हा त्याचा कलंक. परंतु कोरड्या जमिनीत कोणती झुडपे तग धरतात, हे त्यावरून शिकण्यास हरकत नाही.

घरासाठी करवंद उत्तम. काटे दाट, पाणी कमी लागते, आणि फळे मिळतात ती निराळीच. मेंदी कोरड्या हवेत चांगली येते आणि छाटणी सोसते. कोयनेल समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यातही हिरवीगार राहते. अडुळशाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. जास्वंद फुले देते, पण तिला पाणी हवे. बोगनवेल उन्हाची हौशी. तिचे काटे आणि रंग दोन्ही कामी येतात.

काही झाडांविषयी मात्र सावध राहावे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुले असलेल्या घराभोवती ही दोन्ही टाळावी. घाणेरी किंवा टणटणी हे झुडूप एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणि कुंपणासाठी या देशात आणले गेले. आज ते देशभरच्या जंगलांत माजले असून गुरांनाही अपायकारक आहे. वेड्या बाभळीचीही कथा तशीच. ही कुंपणे शेजारचे शेतच खातात!

लावणीची रीत सोपी आहे. पावसाळ्यापूर्वी दीड ते दोन फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणून त्यात शेणखत मिसळलेली माती भरावी. पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन ओळींत, एक आड एक पद्धतीने, साधारण एक फूट अंतरावर रोपे लावावी. ओळ हद्दीच्या रेषेवर नको. दीड-दोन फूट आत हवी, म्हणजे वाढलेल्या फांद्या छाटण्यासाठी शेजाऱ्याच्या अंगणात जावे लागत नाही. रोपे गुडघ्याएवढी होताच शेंडे खुडावे. उंचीच्या हौसेपायी शेंडे राखले, तर कुंपण वर दाट आणि खाली विरळ होते, म्हणजे जेथे आडोसा हवा तेथेच उघडे पडते. छाटताना बुंध्याकडे रुंद आणि माथ्याकडे निमुळता आकार ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते.

असे कुंपण दाट होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तोवर तारेवर गोकर्ण, कृष्णकमळ किंवा मधुमालती चढवावी. गृहिणीला उपयोगी हवे असेल तर वाल, दोडका, घोसाळी लावावी. एका पावसाळ्यात हिरवा पडदा तयार होतो.

भिंत बांधायचीच तर

कोठे कोठे पक्की भिंत लागतेच. ती बांधण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या: नियम आणि पाणी.

सन २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे कुंपणभिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून साधारणपणे दीड मीटरहून उंच नसावी. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीसारखा मोकळा ठेवल्यास ती २.४ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळू शकते. कोपऱ्यावरील भूखंडात चौकाजवळ दहा मीटर लांबीपर्यंत भरीव भाग ०.७५ मीटरच ठेवावयाचा असतो, कारण तेथे वाहने एकमेकांना दिसणे आवश्यक असते. प्रत्येक राज्याचे व नगरपालिकेचे नियम थोडे निरनिराळे असतात आणि तेच बंधनकारक असतात. म्हणून आधी स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. शेजाऱ्याच्या खिडकीला वीस वर्षे निर्वेध उजेड आणि वारा मिळत आला असेल, तर त्यावर त्याचा कायदेशीर हक्क निर्माण होऊ शकतो, हेही विसरू नये.

पाण्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे आठवले की मन विषण्ण होते. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे एका निवासी संकुलाची कुंपणभिंत पावसात मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या पहाटे तामिळनाडूतील मेट्टुपाळयमजवळ नडूर येथे एका खासगी घराची सुमारे वीस फूट उंच भिंत शेजारच्या दलित वस्तीवर पडली आणि १७ माणसे झोपेतच दगावली. वस्ती दृष्टीआड राहावी म्हणूनच ती भिंत एवढी उंच नेली होती, असे तेथील रहिवाशांचे म्हणणे होते. आपल्या अंगणातील एकांत राखणे वेगळे आणि शेजारचा माणूसच नजरेला पडू नये म्हणून भिंत रचणे वेगळे. पहिल्याला आडोसा म्हणतात. दुसऱ्याला काहीही नाव दिले, तरी तिचे ओझे पलीकडे निजलेल्या माणसांच्या डोक्यावर असते.

भिंत उंच होते तसा तिच्यावरील वाऱ्याचा आणि पाण्याचा रेटा वाढतो. पाया मात्र बहुधा तेवढाच राहतो. म्हणून पुढील दक्षता अवश्य घ्यावी. पाया कठीण जमिनीपर्यंत न्यावा. लांब भिंतीला सुमारे दर तीन मीटरवर खांब द्यावा. जुन्या भिंतीवर नवे थर चढवू नयेत. कुंपणभिंतीला टेकून माती, वाळू किंवा राडारोडा साठवू नये. ती माती भिजली की भिंतीवर जबरदस्त दाब येतो आणि साधी कुंपणभिंत तो पेलण्यासाठी बांधलेली नसते. तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवावी आणि दर वैशाखात ती साफ करावी. भिंत एका बाजूस कललेली दिसली, तिला आडवी चीर गेली किंवा ती फुगली, तर पावसाळ्यापूर्वीच जाणकाराला दाखवावी आणि पलीकडच्या घरास तत्काळ कळवावे. वड-पिंपळाचे रोप भिंतीत उगवले असल्यास ते लहान असतानाच काढावे.

शेजाऱ्याशी दोन शब्द

कुंपणाला दोन बाजू असतात आणि त्यांतील एक आपल्याला कधीच दिसत नाही. पलीकडून ते ओबडधोबड, बिनगिलाव्याचे, काचांचे तुकडे रोवलेले असेल, तर शेजाऱ्याला ते रोज पाहावे लागते. म्हणून आखणीचा कागद आधी शेजाऱ्याला दाखवावा. हद्दीच्या खुणा दोघांच्या समक्ष मोजून घ्याव्या. खर्च वाटून घेता आला तर उत्तम. न आला तरी संमतीने झालेले कुंपण भांडणाचे मूळ होत नाही. आपल्याला त्याच्या माडीवरच्या खिडकीचा त्रास असेल, तर बहुधा त्यालाही आपल्या गच्चीचा असतो. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला धुरकट काच बसवणे दोघांपैकी कोणालाही भिंतीहून स्वस्त पडते.

आणि कुंपणात एखादी जागा मोकळीही ठेवावी. ताकाची वाटी, कढीलिंबाची डहाळी, सणाचे ताट इकडून तिकडे जाण्यापुरती ठेंगणी जागा ज्या दोन घरांच्या मध्ये असते, त्या घरांत अडीअडचणीला धावून येणारे माणूस दूर शोधावे लागत नाही.

तेव्हा वाचकहो, गवंड्याला निरोप धाडण्याआधी सुटीच्या एखाद्या संध्याकाळी सहकुटुंब अंगणात उतरा. घरातील प्रत्येकाला आपापल्या नेहमीच्या जागी बसावयास सांगा: आजीला तिच्या खुर्चीवर, मुलांना अभ्यासाच्या पायरीवर, गृहिणीला मागील दारी. मग दोरी ताणून पाहा आणि जेथे जेथे दोरी बोचते, तेथे तेथे जमिनीवर चुन्याने खूण करा. त्या खुणा एका कागदावर उतरवून घ्या. कुंपणाचा नकाशा तोच. किती विटा, किती बांबू आणि किती रोपे लागतील, हे त्यावरून ठरवा.